कुंडीतला व्हिलन कोण?

ऑफिस, ट्रॅफिक आणि डेडलाइन्समधून वेळ काढून फुलवलेल्या बाल्कनीवर किडीची धाड पडली की पहिला प्रश्न येतो, ‘कुठलं औषध मारू?’ जरा थांबा! बाटलीचं झाकण उघडण्याआधी हे वाचा...

पगार झाला की पहिल्याच वीकेंडला नर्सरी गाठायची, एक जास्वंद, एक मिरची, एक कढीपत्ता आणि ‘असू दे गं’ म्हणत दोन टोमॅटोची रोपं उचलायची, येताना कुंड्या-माती घ्यायची आणि रात्री ग्रुपवर फोटो टाकून चाळीस लाइक्स मिळवायचे. सध्याचा हा हिट छंद! महिनाभर सगळं छान चालतं. मग एका सकाळी चहाचा मग हातात घेऊन बाल्कनीत जावं तर जास्वंदीच्या शेंड्यावर कुणीतरी कापूस चिकटवल्यासारखं दिसतं. मिरचीची पानं वाटीसारखी वळलेली असतात. आणि टोमॅटोच्या पानांमागून पांढरे ठिपके चक्क उडतात!

पुढचा सीन ठरलेला. नर्सरीत जाऊन आपण विचारतो, “काका, जास्वंदीवर पांढरं पांढरं काय आलंय हो?” काका दुसऱ्या गिऱ्हाइकाला गुलाब दाखवत असतात. मान न वळवताच उत्तर येतं, “औषध मारा मॅडम, जाईल.” आणि हातात एक छोटी, बिनलेबलची बाटली पडते. पन्नास-शंभर रुपयांत प्रॉब्लेम सॉल्व्ह!

खरंच सॉल्व्ह होतो का? थोडे दिवस होतो. मग तीच कीड दुप्पट जोमानं परत येते, आपण पुन्हा औषध मारतो आणि तिसऱ्या महिन्यात कुंडी जिन्याखाली जाते. ‘आपल्याला नाही बाबा जमत झाडं’ हा निष्कर्षही निघतो. खरं तर चूक ना तुमच्या हाताची असते, ना झाडाची. आपण पहिली पायरी गाळून थेट तिसरी चढलेलो असतो, एवढंच.

‘औषध’ म्हणजे नक्की काय?

मराठीत आपण त्याला प्रेमानं औषध म्हणतो. पण ते असतं कीटकनाशक, म्हणजे विष. आपल्याकडे कीटकनाशकांसाठी १९६८ चा कायदा आणि १९७१ चे नियम आहेत. त्यानुसार प्रत्येक डब्यावर शंकरपाळीच्या आकाराची एक खूण असावीच लागते. तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अतितीव्र, मग पिवळा, मग निळा आणि सगळ्यात सौम्य हिरवा. ट्रॅफिक सिग्नल वाचता येतो ना? मग हेही येईल. आता सांगा, ती बिनलेबलची बाटली कोणत्या रंगाची होती? तीच तर मेख आहे. लेबल नाही म्हणजे नाव नाही, प्रमाण नाही आणि विषबाधा झालीच तर डॉक्टरांना सांगायलाही काही नाही.

शेतात फवारणी केल्यावर पीक काढायच्या आधी ठरावीक दिवस थांबायचं असतं. हा प्रतीक्षा कालावधी लेबलवर छापलेला असतो. बाल्कनीत कोण थांबतं? फोडणी तडतडत असते आणि आपण हात लांब करून कढीपत्त्याची डहाळी तोडतो. तुळशीचं पान तोंडात जातं, जास्वंदीचं फूल बाप्पाला जातं. काही कीटकनाशकं तर आंतरप्रवाही असतात. म्हणजे ती झाडाच्या रसात मिसळतात, पानापानात पोहोचतात आणि नळाखाली धुऊन जात नाहीत. इमिडाक्लोप्रिड हे त्यातलं नेहमीचं नाव. युरोपियन युनियननं २०१८ मध्ये त्याच्यासकट तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, तो मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळे.

आणि हे सगळं आपण करतो कुठे? चार बाय आठच्या जागेत. वाऱ्याची दिशा न बघता. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी बाळाची दुपटी वाळत घातलेली असतात, हे तर गावीही नसतं.

ज्यांना हे विष रोज हाताळावं लागतं त्यांची गोष्ट आणखी गंभीर आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. डोक्याएवढं वाढलेलं पीक, दमट हवा, अंगावर ना मास्क ना हातमोजे आणि पंपात एकत्र मिसळलेली दोन-तीन औषधं! बाल्कनीतल्या पाव लिटरच्या स्प्रे बाटलीची तुलना त्याच्याशी होणार नाही, मान्य. पण सवय तीच आहे. काय झालंय ते न बघता, ‘मार काहीतरी’ म्हणायची. ती सवय आपण चार कुंड्यांवर तरी मोडू शकतो.

आधी ओळख परेड

कोणत्याही डिटेक्टिव्हचा पहिला नियम हाच, संशयिताला बघितल्याशिवाय अटक नाही. पान उलटं करा. ऐंशी टक्के प्रॉब्लेम पानामागे लपलेले असतात असं म्हटलं तरी चालेल! मोबाइलचा कॅमेरा झूम करा किंवा पानाखाली पांढरा कागद धरून दोन टिचक्या मारा. जे काही कागदावर चालू लागेल, तो तुमचा आरोपी.

पिठ्या ढेकूण : जास्वंदीच्या शेंड्यावरचा ‘कापूस’ तो हाच. त्याच्या अंगावर मेणचट पावडर असते, त्यामुळे नुसत्या पाण्यानं किंवा साध्या फवाऱ्यानं त्याला फारसं काही होत नाही. याच कुळातल्या एका ढेकणानं २००५ नंतरच्या काही वर्षांत देशातल्या कापूस पट्ट्याला घाम फोडला होता. जास्वंद हे त्याचं आवडतं खाद्य.

मावा : कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर हिरव्या-काळ्या ठिपक्यांची गर्दी. थंडीत जास्त. ढगाळ हवा पडली की एका आठवड्यात अख्खा शेंडा झाकून टाकतो.

पांढरी माशी : झाड हलवलं की धुळीसारखी उडते आणि पुन्हा बसते. टोमॅटो, भेंडी आणि वांगी हे तिचे अड्डे. रस शोषते ते वेगळंच, शिवाय विषाणूजन्य रोगही पसरवते.

लाल कोळी : हा कीटक नाही, कोळ्याच्या जातीचा आहे. डोळ्यांना जेमतेम दिसतो. पानांवर बारीक फिकट ठिपके, मग तांबूस झाक आणि शेवटी नाजूक जाळी. मार्च ते मे हा याचा सीझन. कोरडं, गरम हवामान आणि धुळीनं माखलेली पानं म्हणजे त्याची पार्टी.

मिरचीचं वळलेलं पान : याला सगळे सरसकट चुरडा-मुरडा म्हणतात, पण आरोपी तीन असू शकतात. पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला असेल तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून उलटी होडी झाली असेल तर कोळी. आणि पानं बारीक, पिवळट, गुच्छासारखी होऊन झाडाची वाढच थांबली असेल तर पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. पहिल्या दोघांवर इलाज आहे. तिसऱ्यावर नाही. ते झाड काढून टाकणं हाच इलाज. आता कळलं ना, ‘मिरचीला काय मारू?’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर का नसतं?

भुरी : पानांवर टाल्कम पावडर शिंपडल्यासारखं दिसतं. ही बुरशी. गुलाब, काकडी, भोपळा हे नेहमीचे पेशंट. कोरडे दिवस आणि दमट, गार रात्री तिला मानवतात.

करपा : टोमॅटोच्या खालच्या पानांवर तपकिरी डाग, त्यात नेमबाजीच्या बोर्डासारखी वर्तुळं. पानांवर पाणी साचलं आणि झाडं दाटीवाटीनं लावली की हा झपाट्यानं वर चढतो.

आणि जे किडीमुळे नसतंच!

अर्ध्या केसेसमध्ये तर आरोपी आपणच असतो. सगळी पानं पिवळी, माती कायम ओली आणि कुंडीभोवती इवल्या काळ्या माश्या? पाणी जास्त होतंय. वरची इंचभर माती सुकू द्या, त्या माश्या आपोआप कमी होतील. कारण त्यांच्या अळ्या ओल्या मातीतच वाढतात. फक्त जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडतंय, चमचाभर गांडूळखत द्या. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. टोमॅटोचं बूड काळं पडून आत खचलं असेल तर त्याला बुरशी समजून फवारत बसू नका. एक दिवस महापूर आणि तीन दिवस दुष्काळ अशा पाण्यामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही, म्हणून ते होतं. काकडीची पिल्लं पिवळी होऊन गळतात? दहाव्या मजल्यावर मधमाशी येत नसेल. सकाळी नर फुलातले परागकण ब्रशनं मादी फुलाला लावा. मादी फूल ओळखणं सोपं, त्याच्या मागे इवलीशी काकडी असते.

मुंग्यांच्या मागे मागे...

जास्वंदीच्या खोडावरून मुंग्यांची रांग वरखाली करताना दिसते का? त्या फुलांसाठी आलेल्या नाहीत. मावा, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड झाडाचा रस पितात आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतात. मुंग्यांना हा गोड थेंब प्रिय. त्या बदल्यात त्या या किडींची राखण करतात, त्यांच्या शत्रूंना हुसकावतात. थोडक्यात, फुल सिक्युरिटी सर्व्हिस! हाच चिकटा पानांवर सांडला की त्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. म्हणून पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त करायचा असेल तर आधी मुंग्या तोडा. कुंडी पाणी भरलेल्या थाळीत विटेवर ठेवा (डासांसाठी ते पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं), कठड्याला किंवा वेलीला टेकलेल्या फांद्या छाटा. बॉडीगार्ड गेला की व्हिलन एकटा पडतो.

आणि मग हीरोंची एन्ट्री होते. ठिपक्याठिपक्यांचा लाल-केशरी लेडीबर्ड भुंगेरा तर सगळ्यांना माहीत असतो. पण क्रिप्टोलिमस माहितीय? ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणलेला हा भुंगेरा पिठ्या ढेकणांवर ताव मारतो. गंमत अशी, की त्याची अळी अगदी पिठ्या ढेकणासारखीच दिसते, पांढरी आणि मेणाच्या झिपऱ्या असलेली! फक्त आकारानं मोठी आणि चालायला चपळ. घाईघाईत ‘केवढा मोठा ढेकूण’ म्हणून आपण नेमका आपल्याच माणसाला चिरडतो. तेव्हा पांढरं काही भराभर पळताना दिसलं तर हात आवरा.

पानावर केसासारख्या देठावर टांगलेली बारीक पांढरी अंडी दिसली, तर ती क्रायसोपाची. त्यातून निघणारी अळी माव्याचा फडशा पाडते. आणि लिंबाची-कढीपत्त्याची पानं कुरतडणारी, आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी आणि नंतर हिरवीगार होणारी अळी? ती फुलपाखराची आहे. कढीपत्त्यावर बहुतेक वेळा लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन असतं. लिंबावर नशीब जोरावर असेल तर राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉरमॉनही असू शकेल. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं जिला राज्य फुलपाखराचा मान दिला, तीच ही! चार पानं तिला देऊन टाका की. झाड मोठं असेल तर ते सहज भरून काढतं.

हीरो किती मोठं काम करू शकतो याचा आपल्याच देशातला किस्सा ऐका. मूळचा मेक्सिकोकडचा पपईचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा सापडला. शत्रू नसल्यामुळे तो सुसाट सुटला. पपई, टॅपिओका, तुती, जास्वंद, जे सापडेल ते खात २०१० पर्यंत तो पुण्यापर्यंत पोहोचला. शेतकरी फवारून थकले, ढेकूण काही हटेना. शेवटी बेंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेनं २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याच्या तीन नैसर्गिक शत्रूंना आणलं. त्यातली अ‍ॅसेरोफॅगस पपाये ही गांधीलमाशीच्या कुळातली, पण मोहरीच्या दाण्याहून लहान माशी. ती ढेकणाच्या पोटात अंडी घालते आणि अळी त्याला आतून खाऊन टाकते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून या माश्या शेतात सोडल्या गेल्या आणि काही महिन्यांतच कीड आटोक्यात येऊ लागली. महागडी फवारणी हरली आणि डोळ्यांना धड न दिसणारी माशी जिंकली! तुमच्या झाडावर फुगलेले, तपकिरी, टणक झालेले ढेकूण दिसले आणि त्यांना बारीक भोक असेल तर समजा, अशीच एखादी माशी तुमच्याकडे कामाला लागली आहे. अशा वेळी जहाल औषध मारलंत तर ढेकणाआधी तीच मरते. कीड ‘दुप्पट जोमानं’ परत का येते, त्याचं एक मोठं कारण हे.

मोजा, मग ठरवा

शेतीशास्त्रात एक भन्नाट कल्पना आहे, आर्थिक नुकसान पातळी. म्हणजे, कीड दिसली की लगेच फवारायचं नाही. तिनं होणारं नुकसान फवारणीच्या खर्चाहून जास्त होईल त्या आकड्यापर्यंत नजर ठेवायची. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीचंच घ्या. शेतात कामगंध सापळे लावतात. मादीच्या वासाला भुलून नर पतंग त्यात अडकतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की मगच धोक्याची घंटा. २००८ च्या खरिपात विदर्भात सोयाबीनवर अळ्यांचा मोठा उद्रेक झाला, त्यानंतर राज्यात २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. त्यामागचं तत्त्वही तेच, आधी शेतात जाऊन मोजायचं आणि मग सल्ला द्यायचा.

बाल्कनीत याचं सोपं व्हर्जन करता येतं. एका रोपाची पाच पानं उलटून बघा. एखाद्या पानावर चार-दोन मावा? बोटानं पुसून टाका. दोन-तीन पानांवर वस्ती? पाण्याचा जोरदार फवारा. शेंडाच झाकला गेलाय? मग तो कापून, पिशवीत बांधून कचऱ्यात. बाटली त्यानंतर. आणि कुठल्या तारखेला काय दिसलं, हे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी तुम्हीच सोसायटीचे गार्डन गुरू!

किचन कॅबिनेटमधलं शस्त्रागार

बघून, मोजूनही कीड आवरत नसेल तर हे उपाय सौम्य ते कडक अशा क्रमानं करा. कोणताही फवारा आधी एका पानावर मारून दोन दिवस वाट बघा.

पाणी : सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. मावा आणि लाल कोळी यांच्यासाठी सकाळच्या वेळी पानांच्या खालच्या बाजूनं जोरात मारा. दर दोन-तीन दिवसांनी, आठवडाभर.

साबण-पाणी : लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य लिक्विड सोप. कपड्यांची डिटर्जंट पावडर मुळीच नको, पानं भाजतात. साबण किडीच्या अंगावर पडला तरच काम करतो, सुकल्यावर त्याचा उपयोग संपतो. म्हणून पानामागे नीट पोहोचवा. अर्ध्या तासानं साध्या पाण्यानं पानं धुवा.

कापसाचा बोळा : पिठ्या ढेकूण मोजकेच असतील तर कानातल्या इअरबडला सर्जिकल स्पिरिट लावून एकेकाला टिपा. टीव्हीसमोर बसून करण्यासारखं, विलक्षण समाधान देणारं काम!

निंबोळी : दुकानात मिळणाऱ्या बाटलीवर अझाडिरेक्टिनचं प्रमाण पीपीएममध्ये लिहिलेलं असतं. १५०० पीपीएमचं असेल तर साधारण पाच मिलि एका लिटरला. १०,००० पीपीएमचं असेल तर दोन मिलि पुरतं. शेवटी लेबल सांगेल ते खरं. साधं कडुनिंबाचं तेल पाण्यात मिसळत नाही, त्यात आधी थोडा लिक्विड सोप घोळवा. उन्हात त्याचा गुण लवकर उतरतो, म्हणून संध्याकाळी फवारा. आणि चमत्काराची अपेक्षा नको. निंबोळीनं कीड पटकन मरत नाही. तिची भूक आणि वाढ मंदावते, अंडी कमी होतात. दर आठवड्याला एकदा, असं तीन आठवडे करा.

दूध किंवा ताक : भुरीवरचा हा आजीबाईचा उपाय वाटेल, पण याला संशोधनाचा आधार आहे. ब्राझीलमधल्या वॅग्नर बेट्टिओल या संशोधकानं १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात झुकिनीच्या भुरीवर पाण्यात मिसळलेलं दूध फवारून ती आटोक्यात आणली होती. एक भाग दूध, नऊ भाग पाणी. आठवड्यातून एकदा, सकाळच्या उन्हात.

पिवळे चिकट सापळे : पांढरी माशी आणि मातीतल्या काळ्या माश्यांसाठी. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल तेल फासलं तरी चालतं.

ट्रायकोडर्मा : ही मित्रबुरशी मुळं कुजवणाऱ्या बुरशींवर मात करते. कुंडी भरतानाच शेणखतात मिसळा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांच्या जवळपास जाणं झालं तर जैविक उत्पादनांची चौकशी जरूर करा.

आणि काय नको? झुरळांचा स्प्रे झाडांवर नको. दोन औषधं ‘डबल इफेक्ट’साठी मिसळायला नकोत. गोमूत्र-लसूण-मिरची-दहा पाल्यांचा अर्क शेतावर ठीक आहे. वन बीएचकेमध्ये कुजवायला ठेवलात तर सोसायटीची मीटिंग बसेल!

ऐकलंत का?

कडुनिंबाची केस : कडुनिंबाच्या तेलापासून बनवलेल्या बुरशीनाशकाचं पेटंट १९९४ मध्ये युरोपात अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीला मिळालं होतं. ‘हे तर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे’ असा आक्षेप घेतला गेला. २००० मध्ये ते रद्द झालं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

चोरांमुळे लागलेला शोध : फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांवर कुणी हात मारू नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण शिंपडायचे. त्याच वेलींवर केवडा रोग कमी आहे, हे पिअर मिलार्डे या प्राध्यापकांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण जगापुढे आलं. द्राक्ष बागायतदारांना हे नाव आजही परकं नाही.

पावसाळ्याची खास बात

जून ते सप्टेंबर ही बुरशीची आणि गोगलगायींची वेळ. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा, कुंडीचं भोक मोकळं आहे ना बघा, खाली साचलेलं पाणी ओता, गळलेली पानं रोज उचला. निम्मी लढाई तिथेच जिंकाल.

तळमजल्यावर किंवा बंगल्यात राहणाऱ्यांना मोठी आफ्रिकन गोगलगाय परिचयाची असेल. १८४७ मध्ये कोलकात्यात सोडलेला हा पाहुणा आता देशभर पसरलाय. २०२२ च्या खरिपात तर मराठवाड्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. यावर युक्ती सोपी आहे. संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून कोपऱ्यात पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. उघड्या हातांनी धरू नका, त्यांच्या अंगात माणसाला त्रास देणारे कृमी असू शकतात. मीठ बादलीतच, कुंडीत टाकलंत तर माती बिघडेल. बाजारात मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांनाही घातक असतात, घरात पेट असेल तर विसराच.

दहा मिनिटांचा वीकेंड राउंड

* नवी कुंडी घरी आली की दोन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवा. बहुतेक पिठ्या ढेकूण नर्सरीतून फुकट येतात!
* दर शनिवारी प्रत्येक झाडाची पाच पानं उलटी करून बघा.
* बोट मातीत पेराएवढं खुपसा. ओलं लागलं तर पाणी नको.
* मुंग्यांची रांग दिसली तर ती कुठे जातेय ते शोधा.
* रोगट झाड छाटलेली कात्री स्पिरिटनं पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.
* झेंडू, तुळस, बडीशेप यांची एखादी कुंडी फुलू द्या. मित्रकीटकांना मध आणि पराग हवा असतो.
* रासायनिक औषध घ्यायचंच झालं तर लेबल, शंकरपाळीचा रंग, झाडाचं नाव आणि प्रतीक्षा कालावधी वाचूनच. हातमोजे, मास्क, वाऱ्याकडे पाठ आणि शेजाऱ्यांना आधी निरोप. उरलेलं कधीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका.

कधीकधी एवढं सगळं करूनही झाड जातं. विषाणू लागलेली मिरची, मुळं कुजलेला गुलाब... जाऊ द्या. मुळासकट काढा, ती माती उन्हात पसरून चांगली तापवा आणि नवं रोप लावा. शेतकऱ्याचं अख्खं वर्ष अशा एका किडीवर पणाला लागलेलं असतं, आपली मात्र साठ रुपयांची कुंडीच असते. पुढच्या वेळी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवर थोडा मावा दिसला किंवा वांग्यात अळी निघाली, तर भाजीवाल्या मावशींशी हुज्जत घालण्याआधी हे आठवा. सगळी भाजी डागाशिवाय, चकाचक हवी, हा आपला हट्टही शेतातल्या पंपाला हात घालायला लावतो. डाग कापून टाका, भाजी स्वच्छ धुवा आणि मस्त फोडणी द्या. कढीपत्ता काय, आता घरचाच आहे!